एक पिल्लू, पाच घड्याळं

कोकणातल्या आंजर्ल्याच्या पुळणीवर संध्याकाळी कासवांची घरटी जपणाऱ्या कासवमित्राने टोपली आडवी केली आणि ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूवर उतरली. बिस्किटाएवढा आकार, ओल्या पाटीसारखा रंग. पहिलं पिल्लू क्षणभर थांबलं, त्याने मान उचलली, आणि मागचं सुरूचं बन, डोंगर, आमची गर्दी हे सगळं टाकून ते नेमकं समुद्राकडे निघालं. त्याने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. आईही पाहिलेली नव्हती; ती अंडी वाळूत पुरून त्याच रात्री निघून गेली होती.

“त्याला कुणी सांगितलं, समुद्र तिकडे आहे म्हणून?” दोरीपाशी उकिडवी बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं.

“उजेड बघतंय ते,” कासवमित्र म्हणाला. तिची आजी म्हणाली, “अगो, उपजत आहे. त्याच्या आज्या-पणज्या हेच करत आल्या.” मागून कुणीतरी म्हणालं, “नाही गेलं तर कावळा उचलेल की!” मुलीचं समाधान झालं नाही. तिने पुढचा प्रश्न टाकला, “पण अंड्यात असताना त्याला माहीत होतं का?”

अर्ध्या मिनिटात किती मोठं काम झालं पाहा! निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने 1963 साली एका लेखात मांडलं, की प्राण्याच्या कुठल्याही वागण्याबद्दल ‘असं का?’ विचारलं, तर त्या एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न असतात. हे शरीरात घडतं कसं? त्याचा उपयोग काय? या जिवाच्या आयुष्यात ते केव्हा, कसं घडत गेलं? आणि त्याच्या कुळात ते आलं कुठून? पुढे 1973 साली कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत त्याला नोबेल मिळालं. कासवमित्राने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, मागच्या माणसाने दुसऱ्याचं, मुलीने तिसरा विचारला आणि आजीने चौथ्याचं उत्तर दिलं. चौघंही बरोबर!

मेंदू आणि वर्तन यांचा अभ्यास करणाऱ्या शाखा किती आहेत! चेतापेशींचा अभ्यास करणारे वेगळे, मनाचे वेगळे, आजारांचे वेगळे, रानात दुर्बीण घेऊन बसणारे वेगळे. त्या एकमेकींपासून कशा निराळ्या? मला वाटतं, प्रत्येकीच्या मनगटावरचं घड्याळ निराळं आहे. कुणाचा काटा सेकंदाच्या हजाराव्या भागाने सरकतो, कुणाचा कोटी वर्षांनी. आणि नवल हे, की पुळणीवरचं ते पिल्लू एकाच वेळी या सगळ्या घड्याळांवर चालत असतं.

पहिलं घड्याळ सेकंदाचे हजार तुकडे करतं. ते मेंदूविज्ञानाचं. पिल्लू उजेड बघतं म्हणजे काय करतं? उंच आणि काळं दिसेल त्याच्याकडे पाठ फिरवायची, क्षितिजाजवळ खाली जिथे जास्त उजेड दिसेल तिकडे चालायचं. माणसांचे दिवे नसलेल्या किनाऱ्यावर मागे झाडं-डोंगर काळे असतात आणि समुद्र रात्रीही किंचित उजळ. दोन्ही डोळ्यांत उजेड सारखा आला की दिशा बरोबर! संशोधकांनी समुद्री कासवांच्या पिल्लांचा एक डोळा झाकून पाहिला, तेव्हा ती उघड्या डोळ्याच्या बाजूला गोल गोल फिरू लागली. तराजूचं एक पारडं काढून घेतल्यासारखं.

पण डोळ्यात पडलेला उजेड पायापर्यंत पोचतो कसा? याचं उत्तर आंजर्ल्याच्या खाडीपलीकडे, हर्णैच्या बंदरात लिलावाला येतं. म्हाकूळ! संकट दिसलं की म्हाकूळ अंगातलं पाणी झटक्यात बाहेर फेकून मागे उसळी मारतो. सगळे स्नायू एकदम आवळायचे, तर हुकूम वेगाने पोचायला हवा. म्हणून त्याचा एक चेतातंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका. आपले चेतातंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावे लागतात. म्हाकुळाच्या या तंतूत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी बारीक तार घातली आणि मेंदूची भाषा मोजली. तंतूच्या भिंतीतली सूक्ष्म दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, मग आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, आणि साधारण एक दशांश व्होल्टची लाट सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जाते. सोडियम म्हणजे आपल्या मिठातलंच. हाताने फिरवायच्या यंत्रावर हक्सलीने याची आकडेमोड केली, 1952 साली निबंध छापून आले, 1963 मध्ये नोबेल मिळालं. आपण तळून खातो त्या जिवाने आपल्याला विचार कशाचा बनतो ते शिकवलं!

आता पिल्लाच्या पायांकडे पाहा. वाळूवर ते डावा-उजवा, डावा-उजवा असे पाय टाकतं. लाटेने उचललं, की त्याच क्षणी पुढचे दोन्ही पाय पंखांसारखे एकदम हलू लागतात. अवयव तेच, ताल बदलला! एकतालातून त्रितालात जावं तसा, आणि एकदाही रियाज न करता. असे ताल धरायला मेंदूची दर वेळी गरजही नसते. गोड्या पाण्याच्या कासवांच्या मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, तरी कवचाजवळ जिथे गुदगुल्या कराल नेमकी तीच जागा पाय खाजवतो. ताल पाठीच्या कण्यातच मुरलेला असतो.

दुसरं घड्याळ मिनिटांचं आणि तासांचं. इथे विजेचं राज्य संपतं आणि रसायनांचं सुरू होतं. याची गोष्ट कोकणातल्या दोन वनस्पतींतून जाते. एक सर्पगंधा. तिच्या मुळ्यांनी रक्तदाब उतरतो हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष वेधलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. दुसरी खाजकुइली, जिच्या शेंगेची कुसं अंगाला लागली की माणूस थयथयाट करतो. तिच्या बियांमध्ये लेव्होडोपा नावाचा पदार्थ असतो. मद्रासच्या रसायनशास्त्रज्ञांनी तो 1937 सालीच त्यातून वेगळा केला होता.

स्वीडनमधल्या आर्विद कार्लसन यांनी 1950 च्या दशकात सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जिवंत, पण दगडासारखे निश्चल, कान लोंबलेले. मग त्यांनी डोपा टोचलं; लेव्होडोपा हा त्याचाच प्रकार. काही मिनिटांतच ससे उठले, कान टवकारले, उड्या मारू लागले! रेसर्पिनने मेंदूतला डोपामाइन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा साठा रिकामा केला होता आणि डोपाने तो पुन्हा भरला होता. पार्किन्सनच्या आजारात माणसाचं शरीर त्या सशासारखंच थिजत जातं, हे मग ध्यानात आलं, आणि लेव्होडोपा हे त्यावरचं औषध झालं. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. (म्हणून खाजकुइलीच्या बिया घरी कुटून खायच्या नाहीत. मात्रा ठरवणं हे डॉक्टरांचंच काम.)

याच घड्याळापाशी दोन शाखा एकमेकींना भेटतात. आजोबांचा हात थरथरतो, तेव्हा आपण त्यांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेतो. शेजारच्या मुलाला नसलेले आवाज ऐकू येतात, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे. दोन दवाखाने, दोन पाट्या. आणि समाजाच्या नजरेत तर किती अंतर! एका आजाराला सहानुभूती, दुसऱ्याला कुजबुज. पण आत काय आहे? पार्किन्सनमध्ये मेंदूच्या एका भागात डोपामाइन कमी पडतं. स्किझोफ्रेनियात त्या मुलासारखे भास होतात, तेव्हा दुसऱ्या भागात त्याचा जोर वाढलेला असतो. म्हणून पहिल्या आजाराचं औषध जास्त झालं तर भास होऊ शकतात, आणि दुसऱ्या आजाराच्या औषधाने हात थरथरू शकतो. एकच रेणू, दोन टोकं! हे कळल्यावर त्या मुलाकडे बघण्याची आपली नजर बदलायलाच हवी. मनाचा आजार हाही शरीराचाच आजार आहे.

तिसरं घड्याळ दिवसांचं आणि वर्षांचं. ते शिकण्याचं घड्याळ आहे आणि मानसशास्त्राच्या हातावर आहे. इव्हान पाव्हलॉव्हने घंटेसारख्या खुणांनी कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणलं, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पण त्या जुन्या युक्तीचा नवा चमत्कार ऐका. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामध्ये लॉगरहेड जातीच्या लहान समुद्री कासवांना टाक्यांत ठेवलं. टाकीभोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांनी समुद्रातल्या एका ठिकाणचं चुंबकीय क्षेत्र हुबेहूब तयार केलं, आणि त्यात खाऊ दिला. दुसऱ्या ठिकाणचं क्षेत्र तयार केलं, त्यात खाऊ दिला नाही. पुढे पहिलं क्षेत्र नुसतं सुरू केलं, खाऊ न देता, तर कासवं मान वर काढून, तोंड उघडून, पाय हलवत टाकीत गिरक्या घेऊ लागली. खाऊ मिळणार म्हणून नाचू लागली! हे संशोधन 2025 साली प्रसिद्ध झालं. कासवाला एखादी जागा तिच्या चुंबकीय चवीवरून लक्षात ठेवता येते, हे त्या नाचाने सिद्ध केलं. आणि कासवाच्या शरीरात ती चव घेणारा अवयव नेमका कुठे आहे? ते अजून कुणालाही सापडलेलं नाही. पहिल्या घड्याळाची शाखा जिथे अडली, तिथे तिसऱ्या घड्याळाची शाखा सहज पुढे गेली. कासव उघडून बघायची गरजच पडली नाही. त्याला विचारलं, आणि त्याने नाचून सांगितलं.

प्राण्याला असं बाहेरूनच विचारण्याची एक सुंदर कहाणी पुण्याची आहे. तारेवर बसून माशा टिपणारा हिरवा, इवलासा वेडा राघू तुम्ही पाहिला असेल. तो मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणूस बिळाजवळ उभा राहिला, की राघू आत जायला कचरतो, कारण घर उघडं पडेल. पण तोच माणूस तेवढ्याच अंतरावर, मात्र बीळ दिसणार नाही अशा जागी उभा राहिला तर? राघू बराच निःशंक होऊन आत जातो! म्हणजे ‘मला काय दिसतं’ एवढ्यावर तो थांबत नाही, ‘त्याला काय दिसतं’ याचाही हिशेब ठेवतो. हे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. या प्रयोगाला ना सुई लागली, ना यंत्र. लागली ती चिकाटी आणि उभं राहायच्या दोन जागा. आणि आपण त्याला वेडा म्हणतो!

चौथं घड्याळ एका आयुष्याचं. मुलीचा प्रश्न इथला: अंड्यात असताना त्याला माहीत होतं का? माहीत नसेल, पण अंड्यात बरंच काही ठरत होतं. पिल्लू नर होणार की मादी, हे समुद्री कासवांत आई-बापाकडून आलेली गुणसूत्रं ठरवत नाहीत. वाळूची ऊब ठरवते! साधारण 29 ते 31 अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी सीमारेषा आहे. वाळू तिच्याहून थंड राहिली तर बहुतेक नर, तापली तर बहुतेक माद्या. अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात, आणि त्यातल्या मधल्या काही आठवड्यांत हा फैसला होतो. एका मुलग्याचं मुलगेपण सावलीवर अवलंबून!

मग अंडी फुटतात. शंभरेक भावंडं हातभर वाळूखाली एकमेकांना खेटून. एक वळवळलं की शेजारचं वळवळतं, छताची वाळू खाली झडते, तळ वर येतो, आणि सगळी मिळून वर सरकतात. आर्ची कार आणि हॅरॉल्ड हर्थ यांनी 1961 मध्ये दाखवलं, की एकटंच पुरलेलं अंडं फुटलं तर त्यातलं पिल्लू बहुधा वर पोचतच नाही. त्यांच्यात ना नेता, ना बेत. तरी सगळ्यांचं मिळून एक काम होतं. विकासाचा अभ्यास करणारी शाखा हेच सांगते: ‘उपजत’ हा शब्द उत्तराचा शेवट नसतो. उपजण्याआधीही किती काही घडलेलं असतं.

आणि पाचवं घड्याळ? त्याचा काटा लाखो-कोटी वर्षांनी हलतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या डोंगराच्या पोटात काळा कातळ आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्री कासवांच्या कुळाचे जीवाश्म दहा कोटी वर्षांहून जुने आहेत. म्हणजे हा डोंगर नव्हता, हा किनारा नव्हता, तेव्हाही समुद्री कासवं होती! ऑलिव्ह रिडले ही जात त्यामानाने नवी, पण तिचं घराणं कोकणाहून थोरलं. आजी ‘आज्या-पणज्या’ म्हणाली, तेव्हा तिने किती लांबची वंशावळ उघडली होती! त्या काळात जी पिल्लं उजेडाकडे गेली ती जगली, जी झाडांकडे गेली ती संपली. हजार पिल्लांतून एखादंच मोठं होतं असा अंदाज आहे. इतक्या बारीक चाळणीतून तो नियम गाळला गेला आहे.

आता पाचही घड्याळं एकत्र ठेवा. एकेकाळी ती बाळगणारे एकमेकांवर नाराज होते. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत उंदीर आणि कबुतरं शिकवत म्हणायचे, बहुतेक सगळं शिकण्यावर आहे. युरोपातले वर्तनशास्त्रज्ञ तळ्याकाठी बदकांमागे फिरत म्हणायचे, बहुतेक सगळं उपजत आहे. चुंबकीय नाच करणारं कासव दोघांनाही हातमिळवणी करायला लावतं: चुंबक कळण्याची इंद्रियशक्ती कुळाने दिली, पण कुठल्या जागी खाऊ मिळतो ते कासव स्वतः शिकलं.

घड्याळं एकमेकांशी जुळेनाशी झाली तर काय होतं, हेही हीच पुळण दाखवते. ‘उजळ क्षितिजाकडे चाल’ हा नियम कोट्यवधी वर्षांत बनला. विजेचे दिवे सर्रास लागू लागले ते मात्र अगदी कालपरवा. किनाऱ्यालगत झगझगीत दिवा लावला, की पिल्लाचा डोळा सेकंदाच्या अंशात आपलं काम चोख करतो आणि पिल्लाला रस्त्याकडे नेतो. डोळा चुकत नाही, मेंदूही चुकत नाही. पाचव्या घड्याळाला आपली घाई गाठता येत नाही. वाळू तापत गेली तर चौथं घड्याळही बिघडेल, नुसत्याच माद्या जन्मतील. म्हणून घरटी जपताना कासवमित्र जे करतात, कुंपण, सावली, अंधार, ते मला पाचही शास्त्रांचं एकत्र आचरण वाटतं. पुळणीलगतचा एक दिवा विझवणं ही त्यातली सर्वात सोपी गोष्ट, आणि ती आपल्या हातात आहे.

एवढं जाणूनही ही कासवं आपल्याला थक्क करतातच. याच आंजर्ल्यात जानेवारी 2022 मध्ये अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवलं आणि तिचं नाव ठेवलं सावनी. तिची वाट नकाशावर उमटू लागली. पुढे जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायाला आधीच एक बिल्ला होता. तो 2021 साली लावला होता ओडिशाच्या किनाऱ्यावर! सगळ्या दक्षिण भारताला वळसा घालून ती इकडे आली होती. मादी आपल्याच किनाऱ्यावर परतते, असं आपण धरून चाललो होतो. तिने शांतपणे दोन समुद्र आपलेसे केले.

त्या संध्याकाळी शेवटचं पिल्लू पाण्याशी पोचलं तेव्हा सूर्य बुडाला होता. पहिल्या लाटेने त्याला उलटं करून परत वाळूवर टाकलं. ते सावरलं, पुन्हा निघालं. दुसऱ्या लाटेने उचललं, पाय एकदम पंख झाले, आणि ते दिसेनासं झालं. मुलगी उठेना. आजी हात धरून ओढत होती आणि ती मान वळवून बघत होती.

कार्लसन यांच्यासोबतच नोबेल मिळालेल्या एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगायीच्या चेतापेशींवर दाखवलं, की पक्की आठवण म्हणजे चेतापेशींमध्ये खरोखर वाढलेले नवे सांधे. आठवण ही हवेतली गोष्ट नाही. ती अंगात बांधली जाते. त्या मुलीने ती संध्याकाळ जपली, तर पुढच्या काही दिवसांत तिच्या मेंदूतही असं बांधकाम झालं असेल. पिल्लू वाचलं आणि मादी असली, तर दहा-पंधरा वर्षांनी कदाचित कोकणातल्या एखाद्या पुळणीवर अंडी घालायला येईल. मुलगी तोवर विशीच्या आसपास पोचलेली असेल. तिचा तो प्रश्न अजून जागा असला, तर एखादं घड्याळ तिच्याही मनगटावर असेल.